तीनशे निकालांची वही आणि कुंद्याचा डबा

निपाणीजवळच्या एका तरुणानं मला लांबलचक प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "सर, तीन वर्षं दोन साप्ताहिक लॉटऱ्यांचे शेवटचे दोन आकडे वहीत लिहितोय. ३०० निकाल झाले. ४७ ही जोडी आठ वेळा आली, पाच जोड्या एकदाही आल्या नाहीत. एका लॉटरीत ३०० सोडती नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र धरल्यात. शेवटचा आकडा ७ गेल्या ३४ सोडतींत नाही, म्हणजे आता येणारच ना? व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर आकड्यांचे कट आणि फॅमिली काढून देतात, महिना ५०० रुपये, बऱ्याचदा पास होतं, म्हणजे दिलेला आकडा लागतो. कुठली पद्धत धरू?"

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे मी कुठल्या तोंडानं बोलतोय ते कळेल. बेळगावात ३० वर्षांवर संख्याशास्त्र शिकवलं. आणि मामाचा लॉटरीचा स्टॉल होता, तिथं कॉलेजात असल्यापासून संध्याकाळी बसायचो. कर्नाटक सरकारनं २००७ मध्ये लॉटरीची विक्रीच बंद केली तेव्हा मामानं तिकिटं लटकवायच्या तारा आणि चिमटे काढून ठेवले. तोवर तिकिटं विकणं आणि वर्गात शक्यता शिकवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी केली, त्याची मला अजूनही थोडी लाज वाटते.

उत्तर एका वाक्यात: तुमच्या वहीत पुढच्या सोडतीबद्दल काहीही नाही. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, तीन वर्षं नेमानं लिहिणाऱ्या माणसाचं होऊच नये. म्हणून वही उघडूया.

घरात कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचा, रिकामा डबा असेल तर घ्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ०० ते ९९ अशा १०० चिठ्ठ्या करा, सारख्या घडीच्या. डबा हलवा, न बघता एक काढा, लिहा, परत टाका, पुन्हा हलवा. असं ३०० वेळा. मी दरवर्षी पोरांकडून हे करून घ्यायचो, आणि तुमचा प्रश्न आल्यावर गेल्या रविवारी बायकोला समोर बसवून पुन्हा केलं. तिनं काढल्या, मी लिहिल्या. शेवटी ८३ आठ वेळा आली होती, सहा जोड्यांचं तोंडही दिसलं नव्हतं, आणि दोनशेच्या पुढे कुठं तरी ५६ लागोपाठ दोनदा निघाली. बायको म्हणाली, "५६ येऊलालाय बघा, आणि एकदा येईल." आली नाही.

आता हे असंच का, ते बघा. एखादी ठरावीक जोडी एका सोडतीत न येण्याची शक्यता ९९ टक्के. ३०० सोडतींत एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ ला ०.९९ नं ३०० वेळा गुणून येते, ती होते साधारण ०.०४९. अशा १०० जोड्या, म्हणजे सरासरी पाच जोड्या कोऱ्या राहणार. तुमच्याही पाचच आहेत. उलट बाजूनं, प्रत्येक जोडी सरासरी तीन वेळा यायला हवी, पण आठ किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता प्रत्येकीला सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. शंभर जोड्यांत तसली एखादी निघतेच. तुमची ४७, माझी ८३. मी माझी वही तुमच्या वहीशेजारी ठेवली आणि कव्हर काढून टाकलं, तर कुठली सरकारी सोडतीची आणि कुठली कुंद्याच्या डब्याची हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. ४७ 'गरम' असेल तर मग माझ्या डब्यातली ८३ सुद्धा गरम म्हणायची, आणि त्या डब्यात मी स्वतः चिठ्ठ्या टाकल्यात.

दहावीनंतर गणित सोडलेल्या माणसाला सगळ्यांत अवघड जातं ते हेच: आकडे सगळीकडे सारखे पसरले तरच तो त्याला 'योगायोग' मानतो. खरा योगायोग ढिगानं येतो, मधे भोकं ठेवतो. मी वर्गात पोरांना मनानं १०० आकडे लिहायला लावायचो. लागोपाठ तोच आकडा कुणी लिहीत नसे, आणि त्यावरूनच ती यादी खोटी हे कळायचं.

तर मग ७ चं काय? ३४ सोडती नाही आला. कुठलाही आकडा ३० सोडती न येण्याची शक्यता ०.९ ला तीस वेळा गुणून, सुमारे ४.२ टक्के. कमी वाटते. पण तुमच्या वहीतल्या पहिल्या २७० निकालांपैकी प्रत्येकापाशी थांबून विचारा की हा आकडा पुढच्या ३० सोडतींत आलाच नाही का? २७० ला ०.०४२ नं गुणा: ११ वेळा. म्हणजे तीस-तीस सोडती गायब राहणं तीनशे निकालांत दहा-अकरा वेळा घडायलाच हवं. घडलं नसतं तर मला वहीचा संशय आला असता.

"पण सर, शेवटी सगळे सारखे व्हायला पाहिजेत ना, मग ७ नं तूट भरून काढायला नको?" हा प्रश्न दरवर्षी मागच्या बाकावरून यायचा. तूट कुणी भरत नाही. पुढच्या ३,००० सोडतींत ७ साधारण ३०० वेळाच येईल, आधीची तूट तशीच राहील, फक्त एवढ्या मोठ्या संख्येत ती दिसेनाशी होईल. आमटी खारट झाली की आपण पाणी वाढवतो. मीठ कुणी काढून घेत नाही.

या 'आता येणारच' चा सगळ्यांत मोठा धडा इटलीनं घेतलाय. तिथल्या लोट्टोत वेगवेगळ्या शहरांच्या नावानं १ ते ९० मधले पाच आकडे निघतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ नंतर येईचना. लोकांनी वाढवत वाढवत त्यावर अब्जावधी युरो लावले, घरं मोडली, आत्महत्या झाल्या. ५३ आला ९ फेब्रुवारी २००५ ला, १८२ सोडती वाट बघायला लावून. तोवर प्रत्येक सोडतीत त्याची शक्यता अठरात एक हीच होती, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशीही.

सोडतीच्या यंत्रातच खोट असली तर? विचार बरोबर आहे, आणि मी तोही करून पाहिलाय. ३०० निकालांत प्रत्येक शेवटचा आकडा सरासरी ३० वेळा यायचा, पण २० ते ४० यांत कुठंही आला तरी त्यात नवल नाही. समजा एका चकतीवर ७ थोडा जड झाला आणि १० ऐवजी ११ टक्के वेळा यायला लागला. हे नीट ओळखायला ३,६०० च्या आसपास निकाल लागतील. कायद्यानं एका लॉटरीची आठवड्याला एकापेक्षा जास्त सोडत होत नाही, म्हणजे ६९ वर्षं. महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली १९६९ साली, तिचीच अजून तेवढी वर्षं भरली नाहीत. आणि खोट सापडली तरी १० चे ११ झाल्यानं तिकिटाचे पैसे सुटत नाहीत.

छापण्यातली खोट मात्र एकदा खरोखर सापडली होती. २००३ मध्ये टोरांटोतल्या मोहन श्रीवास्तव नावाच्या भूगर्भ-संख्याशास्त्रज्ञाला. ते खरवडायचं कार्ड होतं, फुलीगोळ्याचं. वर उघडे छापलेले आकडे बघूनच त्याला कळलं की जे आकडे कार्डावर एकदाच आलेत ते ओळीत तीन बसले की ते कार्ड बहुतेक जिंकणारं. त्यानं न खरवडलेली वीस कार्डं जिंकणारी आणि हरणारी अशी वेगळी करून लॉटरी मंडळाला पाठवली, एकोणीस बरोबर निघाली. मंडळानं ते कार्ड बाजारातून काढलं. पण त्यानं जुने निकाल चाळले नव्हते, हातातल्या कार्डावरची छपाई वाचली होती. तुमच्या तिकिटावर नंबरापलीकडे वाचण्यासारखं काही नाही.

आता ग्रुपचं. कट आणि फॅमिली हे शब्द लॉटरीचे नव्हेतच, ते मटक्याचे, आपल्याकडं ज्याला ओसी, म्हणजे ओपन-क्लोज, म्हणतात त्याचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद भावावर मुंबईत सट्टा चालायचा, ते भाव येणं बंद झाल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये चिठ्ठ्या नाहीतर पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. कर्नाटकात कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ च्या कलम ७८(३) खाली ते गुन्हा आहे, पेपरात रोज कुठलं तरी ठाणं त्याच कलमाखाली कुणाला तरी धरतं. म्हणजे तुमचा ग्रुप सरकारी लॉटरीच्या नावाखाली ओसीचं खातं चालवत असण्याची शक्यता मोठी. तिकडं बोट घालू नका.

कट म्हणजे ० चा ५, १ चा ६, २ चा ७, ३ चा ८, ४ चा ९. मग ४७ ची फॅमिली होते ४७, ४२, ९७, ९२ आणि उलटून ७४, २४, ७९, २९. आठ जोड्या. ग्रुपवाल्यानं तीन फॅमिल्या दिल्या की चोवीस जोड्या झाल्या, साधारण दर चौथ्या दिवशी 'पास'. याहून भारी युक्ती 'चार आकडे, ओपन टू क्लोज' ची. ओपन म्हणजे दिवसाचा पहिला आकडा, क्लोज म्हणजे दुसरा. चार आकडे ओपनमध्ये न येण्याची शक्यता ०.६, क्लोजमध्येही ०.६, दोन्हीकडं चुकण्याची ०.३६. म्हणजे डोळे मिटून कुठलेही चार आकडे दिले तरी १०० तले ६४ दिवस 'पास, पास, पास' असा हिरवा बाण टाकता येतो. तुम्ही लिहिलंय ना बऱ्याचदा पास होतं म्हणून? ते हेच. आता पैसे मोजा. चार आकडे दोन्हीकडं दहा-दहा रुपयांनी म्हणजे रोज ८० रुपये. एकाला नऊ या भावानं सरासरी परत येतात ७२. चौसष्ट दिवस खुशीत आणि शंभर दिवसांनी आठशे रुपये कमी. वर महिन्याचे ५०० वेगळे.

असल्या ग्रुपवाल्याचा धंदा कसा चालतो ते शेजारच्या गल्लीतल्या एका पोरानंच मला दाखवलं. दहा ग्रुप, प्रत्येकाला वेगळा आकडा. एका ग्रुपमध्ये बरोबर आला की त्याच ग्रुपचा स्क्रीनशॉट बाकी नऊंकडं. कधीच न चुकणारा ज्योतिषी होण्यासाठी एवढंच लागतं, आकडेशास्त्र कशाला पाहिजे.

दुप्पट करत जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढं कुणी तरी शिकवेलच, म्हणून सांगून टाकतो. दहा रुपयांपासून एकाच आकड्यावर दर वेळी दुप्पट. बारा वेळा चुकलात तर ४०,९५० गेलेले, आणि तेराव्यासाठी ४०,९६० काढायचे. बारा वेळा ओळीनं चुकण्याची शक्यता २८ टक्के. वडगावातल्या एका विणकरानं या नादात माग विकलेला मी पाहिलाय. तोही हुशार होता, तोही वही ठेवायचा.

मामाच्या स्टॉलवर मला एक गोष्ट मात्र दिसली जिच्यात खराखुरा नमुना होता: घेणारे. चिमट्यांना लटकलेल्या तिकिटांतून लोक काय उचलतात हे महिन्याभरात पाठ झालं. शेवटी ७ असलेली सकाळीच संपायची. ७८६ असलेलं मी वेगळं काढून ठेवायचो, मागणारा ठरलेला. नवी गाडी घेतलेला केए-२२ नंतरचे चार आकडे शोधत यायचा. बेरीज ९ येते का हे बोटांवर मोजणारे होते, सौंदत्तीहून यल्लम्माचं दर्शन करून थेट स्टॉलवर येणाऱ्या अक्का होत्या, सीमाप्रश्नावर भाषण ठोकून ८६५ मागणारे एक काकाही होते, महाराष्ट्रानं मागितलेल्या गावांची संख्या म्हणून. आणि न खपणारी? शेवटी ०००, शेवटी ८ म्हणजे शनीचा, आणि ३, तीन तिगाडा काम बिगाडा. १२३४५६ असलं तिकीट संध्याकाळपर्यंत तारेवर झुलत राहायचं. "हे कधी लागतंय काय?" असं म्हणून लोक हसायचे. त्याची शक्यता शेजारच्या ५८०२१७ इतकीच असते हे मी सांगायचो, आणि मामा मला गप्प बसवायचा.

हा नमुना पैशात उतरतो, पण आपल्याकडं नाही. जिथं खेळणारा स्वतः सहा आकडे निवडतो आणि पहिलं बक्षीस जिंकणाऱ्यांत वाटलं जातं, तिथं लोकांच्या आवडीचे आकडे टाळणं शहाणपणाचं. फिलिपाइन्समध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला ९, १८, २७, ३६, ४५, ५४ निघाले, नऊचा पाढा, आणि पहिलं बक्षीस ४३३ जणांत वाटलं गेलं. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९५ मध्ये १३३ जणांनी एकच सहा आकडे धरले होते, तब्बल १ कोटी ६० लाख पौंडांतून प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाखाच्या आत आले. बल्गेरियात तर सप्टेंबर २००९ मध्ये चार दिवसांच्या अंतरानं तेच सहा आकडे दोनदा निघाले. पहिल्यांदा कुणीच धरले नव्हते, दुसऱ्यांदा अठरा जण निघाले. गेल्या वेळचेच आकडे पुन्हा लावणारे लोक जगात सगळीकडं आहेत. असल्या ठिकाणी ३१ च्या वरचे, वाढदिवसात न बसणारे, पाढ्यात न येणारे आकडे घेतले तर जिंकायची शक्यता वाढत नाही, जिंकलात तर वाटेकरी कमी होतात. एवढीच एक पद्धत मला खरी माहीत आहे.

महाराष्ट्र किंवा केरळच्या कागदी तिकिटात हेही लागू नाही. नंबर आधीच छापलेला, पहिलं बक्षीस ठरलेल्या रकमेचं, एका तिकिटाचं. ७८६ घ्या नाहीतर ०००, रक्कम तीच. पूर्वी निदान एका आकड्याच्या लॉटऱ्या होत्या. नव्वदीच्या दशकात त्यांनी आपल्या भागात धुमाकूळ घातला होता, दहा तिकिटांचा संच घेतला की शेवटचा आकडा लागायचाच, फक्त बक्षीस दहा तिकिटांच्या किमतीपेक्षा कमी असायचं आणि तरी लोक खूश. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानं एका आकड्यावरचं बक्षीस बंद केलं, तेव्हा मामाचा अर्धा धंदा बसला.

आणखी एक हिशोब कुणी करत नाही. बक्षिसावर ३० टक्के आयकर आणि त्यावर उपकर, १०,००० च्या वर लागलं की आधीच कापून हातात. आणि वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. जीएसटी १ मार्च २०२० पासून २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय, तो तिकिटाच्या किमतीतूनच जातो. म्हणजे तुमची पद्धत १० टक्क्यांनी नशिबापेक्षा सरस असती तरी पुरली नसती.

तरीही महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीला गेलात आणि तिकीट घ्यावंसं वाटलं तर घ्या, मी काही कीर्तनकार नव्हे. चहाचे पैसे असतात तसे समजून एक घ्या. शेवटचा आकडा बघत चिमट्यापाशी अर्धा तास उभं राहू नका, हाताला येईल ते. घेतल्याबरोबर मागं नाव-पत्ता लिहून सही करा. 'केरळचं तिकीट घरपोच' म्हणून फोनवर फोटो पाठवणाऱ्याला एक पैसाही देऊ नका, केरळ सरकार तिकीट ऑनलाइन विकतच नाही, कागदाचं तिकीट हातात नसेल तर काहीच नाही. निकाल सरकारी यादीत बघा, ग्रुपवर नको. आणि महिन्याचे ५०० देणं थांबवल्यावर हात शिवशिवत असेल, झोप उडत असेल, घरी खोटं बोलावं लागत असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलतात.

वही मात्र टाकून देऊ नका. तीन वर्षं न चुकता नोंद ठेवणारा माणूस मला वर्गात दहा वर्षांत एखादा भेटायचा. बेळगावला आलात तर घेऊन या, डबा माझ्याकडं आहे. आधी तुमच्या ७ चा पुढचा निकाल काय लागला ते बघू, मग ३०० चिठ्ठ्या तुम्ही काढा, मी लिहितो.